पिचरला चौथ्या इनिंगला का काढलं?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की आमच्या शाळेचा बेसबॉल संघ लागोपाठ हरतोय तो पोरींमुळे नाही, प्रशिक्षक म्हणून मी ठेवतो त्या आकड्यांच्या वहीमुळे. चांगली फेकणारी पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी पोरगी, मी आकडे पाहून चौथ्या इनिंगला, म्हणजे चौथ्या डावाला, काढली. आणि बापजाद्यांनी वावर नजरेनं राखलं, वहीनं नाही.

हे शेवटचं मला पटत नाही. गुलाबी बोंडअळी आल्यापासून नुसत्या नजरेवर पऱ्हाटी कोण सोडतो? बोंड बाहेरून हिरवंगार आणि आत अळी. म्हणून मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावतो, एका सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सलग ३ रात्री दिसले की फवारणीचा विचार करतो. शिवाय झाडावरची हिरवी बोंडंही फोडून पाहतो. दोन्ही कामं एकच कास्तकार करतो.

२०२० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तुमचा दाखला मात्र बिनतोड. डॉजर्सविरुद्ध सहाव्या सामन्यात टँपा बे १-० नं पुढे, त्यांचा पिचर ब्लेक स्नेलचे अवघे ७३ चेंडू झालेले, ९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. डॉजर्सच्या पहिल्या तिन्ही बॅटरना त्यानं दोन्ही वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. तरी तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचर मार खातो या हिशेबानं मॅनेजर केव्हिन कॅशनं त्याला काढलं. सामना ३-१ नं गेला, मालिकाही गेली. पण २००३ मध्ये बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटलनं उलट केलं. थकलेल्या पिचर पेड्रो मार्टिनेझवर विश्वास ठेवला, आणि आठव्या इनिंगमध्ये ५-२ ची आघाडी पुसली गेली.

आता माझी चूक. चौथ्या इनिंगपासून आमच्या पोरीचे वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) वाढतात, असं वहीत होतं. वहीत सामने किती? चार! तुमचं वाचून तारखा पाहिल्या, तर त्यातल्या दोन दिवशी ती सकाळी आईसोबत कापूस वेचणीला जाऊन मग मैदानावर आली होती. थकवा वेचणीचा, आणि मी तो तिच्या फेकीच्या नावावर लिहून बसलो. काढलं त्या दिवशी मात्र ती वेचणीला न जाता घरून जेवून आली होती. तिचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरलाही मी विचारलं नाही. चेंडूतला जोर कमी झाला की नाही, ते आधी कॅचरच्या हाताला कळतं.

वही बंद करणार नाही. संघ हरत असला की मला प्रत्येक चेहरा पडलेलाच दिसतो, तेव्हा माझ्या नजरेचाही भरवसा नाही. पण वेचणीचा एक रकाना वाढवलाय. शनिवारी पिचिंग तीच सुरू करेल, आणि चौथ्या इनिंगनंतर तिला ठेवायचं की काढायचं हे कॅचरला विचारल्याशिवाय ठरवणार नाही.