उभी असताना ताशी तेरा किलोमीटर

आमची इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला उभी असते तेव्हा ताशी तेरा किलोमीटरने धावते. थाप नाही, गणित आहे, आणि रात्री दोन वाजता झोप उडालेल्या माणसाने केलेलं आहे म्हणजे तीनदा तपासलेलं आहे. घरातलं साधं सॉकेट, २३० व्होल्ट, १० अँपियर, म्हणजे २३०० वॅट, म्हणजे तासाला २.३ युनिट. त्यातले दहा-बारा टक्के वाटेत गरम होण्यात आणि गाडीचे स्वतःचे कॉम्प्युटर जागे ठेवण्यात जातात, बॅटरीच्या पदरात पडतात ती दोन युनिटं. एका युनिटात आमची गाडी साडेसहा किलोमीटर जाते. झाले की नाही तासाला तेरा? एवढ्या स्पीडने तर मी सायकल मारतो, तीही फोनवर बोलत.

बॅटरी ४० युनिटची आहे. तासाला दोन म्हणजे पूर्ण भरायला वीस तास. घेताना तो विकणारा मुलगा म्हणाला होता, "घरीच चार्ज होते सर, एकदम मोबाईलसारखी." त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त मोबाईल घेऊन आपल्याला सकाळी नऊ वाजता ऑफिसला पोचायचं नसतं.

मग मी अजून एक गणित केलं जे करायला नको होतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. पंपाच्या नळातून मिनिटाला ३० लिटर पडतात असं धरलं तर सेकंदाला साडेचार युनिटं. म्हणजे पंपावरचा माणूस एक सेकंद नळ दाबतो, शिंकतो समजा, तेवढ्या वेळात टाकीत जे जातं त्यासाठी माझी गाडी दोन तास भिंतीला चिकटून उभी. आता इंजिन त्यातला बराचसा भाग नुसती उष्णता करून उडवून टाकतं हेही खरं, पण हे समजावून सांगायला लागलो की समोरच्याला अचानक कुठेतरी जायचं असतं.

केबलच्या मध्ये एक विटेएवढा डबा असतो. त्यालाच मी चार्जर समजत होतो आणि महिनाभर रोज शिव्या देत होतो. नंतर कळलं की चार्जर गाडीच्या पोटात असतो, घरातल्या एसी करंटचा बॅटरीला चालणारा डीसी तो करतो, आणि हा बिचारा डबा फक्त मध्यस्थ आहे. सॉकेटला अर्थिंग आहे का बघतो, काही गडबड दिसली तर लाल दिवा लावतो, आणि एका बारीक वायरीतून गाडीला सांगत राहतो की बाई, दहा अँपियरच्या वर मागू नकोस, लोक गरीब आहेत.

केबल बेडरूमच्या खिडकीतून बाहेर जाते. त्यामुळे खिडकी कायम चार बोटं उघडी. करंट बाहेर जातो, डास आत येतात. पहिल्या आठवड्यात केबल थोडी कमी पडत होती म्हणून मी शहाणपणा करून रीळवालं एक्स्टेन्शन लावलं, आणि वायर छान गुंडाळलेलीच ठेवली, दिसायला बरं दिसतं म्हणून. दोन तासांनी रीळ इतकं तापलं होतं की त्याच्यावर टॉवेल वाळला असता. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, एकमेकींना तापवत बसतात, हे मला शाळेत कुणीतरी नक्की सांगितलं असणार, पण तेव्हा गाडी नव्हती.

वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, आत बघितलं आणि डॉक्टर एक्सरे बघताना गप्प होतात तसा गप्प झाला. एक स्क्रू सैल, आणि त्याच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळसर तपकिरी. म्हणाला, "साहेब, इस्त्री दहा मिनिटं करंट ओढते आणि दम घेते. तुमची ही रात्रभर ओढते. सॉकेटला सवय नाही हो." मग त्याने मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढली, नवीन सॉकेट बसवलं, त्याला स्वतःची एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा खटका, दिली आणि जाताना सांगून गेला की अधूनमधून प्लगला हाताची मागची बाजू लावून बघत जा, चटका बसला तर बंद करा.

पण हे सगळं होईपर्यंत दीड महिना गेला, आणि तो दीड महिना एकच सर्किट सगळ्यांचं होतं. गाडी लावली की गीझर नाही, गीझर लावला की इस्त्री नाही, आणि मुलाने न विचारता केसांचा ड्रायर लावला की खटकन अंधार. अंधारात सगळ्यात आधी आवाज यायचा तो बायकोचा, "किती झाले होते?" म्हणजे दिवे गेल्याचं दुःख नाही, टक्के विचारते. आमच्याकडे टक्के विचारणं हे आजारी माणसाचा ताप विचारण्यासारखं झालं होतं. तिने तर त्याला नावच पाडलं होतं, सलाईन. "जेवायला चल, की आधी सलाईन लावून येतोस?"

झोप न आल्यावर मी मोबाईलवर जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वाचायचो. पेट्रोलच्या गाड्या विकून जगप्रसिद्ध झालेल्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः चालवायची ती डेट्रॉईट इलेक्ट्रिक, १९१४ ची, बॅटरीवरची आणि दुसऱ्याच कंपनीची. मला बरं वाटलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्या घरातही कुणीतरी रात्री उठून चार्जिंग बघत असणार, आणि कदाचित हेन्रीच.

तर मुख्य गोष्ट मावशीची. मावशीला रविवारी आमच्याकडे राहायला आणायचं ठरलं. जायला ७५ किलोमीटर, यायला ७५. शनिवारी रात्री नऊला गाडी २२ टक्क्यांवर. तासाला पाच टक्के, सकाळी सहापर्यंत नऊ तास, म्हणजे ४५, एकूण ६७ टक्के, म्हणजे १७४ किलोमीटर. आरामात. मी सलाईन लावलं, मुलाचा ड्रायर ताब्यात घेतला आणि चक्क झोपलो.

सकाळी गाडीत ३२.

केबल जागेवर, प्लग जागेवर, बटण बंद. आईने अकरा वाजता झोपताना नेहमीप्रमाणे घरभर फिरून सगळी बटणं बंद केली होती, गेली चाळीस वर्षं करते. "मला काय माहीत, बटणाचा लाल दिवा दिसला, म्हटलं विसरलास." आता आईला काय बोलणार, आणि बोललो तर कोण ऐकणार.

३२ टक्के म्हणजे ८३ किलोमीटर. म्हणजे जाता येत होतं, येता येत नव्हतं. वाटेत एक फास्ट चार्जर होता, तो गाडीच्या पोटातल्या चार्जरला बाजूला सारून थेट बॅटरीत डीसी ओततो, माझं तासांचं काम मिनिटांत. पण तिथे आधीच चार गाड्या रांगेत आणि पहिल्या गाडीतला माणूस सीट मागे करून झोपलेला. मी म्हटलं जाऊ दे, मावशीकडे भिंती आहेतच की.

दार उघडल्यावर मी नमस्कार नाही, कशी आहेस नाही, पहिलं वाक्य बोललो, "मावशी, तुझ्याकडे पॉवरचं सॉकेट कुठंय?"

हॉलमधल्या सॉकेटला लावलं तर डब्यावर लाल दिवा. तीन भोकं होती, पण त्यातलं अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला, मागे वायरच नाही. किचनमधल्याला केबल पुरेना. शेवटी वॉशिंग मशीनचा प्लग काढून तिथे लावलं, आत मावशीचे कपडे साबणाच्या पाण्यात अर्धवट भिजलेले तसेच. हिरवा दिवा लागला. परतीला लागणारे टक्के आणि उरलेले टक्के यांचा हिशोब करून मी जाहीर केलं, सहा तास.

मला वाटलं मावशी चिडेल. ती इतकी खूश झाली की बस. एरवी मी जातो, पंधरा मिनिटं बसतो, घड्याळाकडे बघतो, निघतो. या वेळी पळून जायची सोयच नव्हती, केबल गाडीला लॉक झालेली. तिने जुने फोटो काढले, मग अजून जुने काढले. मग माझ्या लहानपणीच्या ज्या गोष्टी मी विसरायचा प्रयत्न करतोय त्या क्रमाने सांगितल्या. मधून मधून मी उठून टक्के बघून यायचो आणि तीही मागे यायची आणि म्हणायची, "हळूहळू होऊ दे रे, घाई काय आहे." आणि मिळालेल्या वेळात तिने दोनाच्या चार बॅगा केल्या, वजन वाढलं, म्हणून मी अजून अर्धा तास थांबलो.

दोघी बहिणी आता आमच्याकडे आहेत आणि सलाईनचं खातं त्यांच्याकडे गेलंय. नवीन सॉकेटच्या बटणावर आईने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली आहे, "बंद करू नये", जणू आम्हीच करत होतो. वायरमनने सांगितल्याप्रमाणे दर तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून बघते, मावशी बाजूला उभी राहून "कोमट आहे का गं" विचारते. गाडीचं पुस्तकही वाचून काढलंय. त्यात लिहिलंय की रोजच्या वापराला ८० टक्क्यांपर्यंतच भरा.

परवा रात्री तीन वाजता आईने मला हलवून उठवलं.

"अरे ऊठ, ऐंशी झाले."

"आई, मी सेटिंग केलंय. ऐंशीला आपोआप थांबते ती."

"थांबली का बघायला तरी चल."

चपला घालून बाहेर गेलो. मावशी टॉर्च घेऊन आधीच तिथे उभी होती. थांबली होती.