डेकवर सगळीकडे 5200 लावू नका

शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय. डेकवर क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ओढायचं चाक), स्टँचन (कठड्याचा खांब) काहीही बसवायचं असो, थ्रीएम कंपनीचं 5200 हे सीलंट, म्हणजे फटीतून पाणी अडवणारं लुकण, लावा. त्याच्याइतकं मजबूत दुसरं काही नाही, एकदा लावलं की जन्मभर बघायला नको, आणि ते सगळ्यावर चालतं. एवढा खर्च नको असेल तर बाथरूमचं सिलिकॉन लावा. हा सल्ला ऐकून चांगल्या बोटींची डेकं आतून कुजतात, म्हणून हे लिहितोय.

मजबुतीचं आधी. क्लीटवर येणारा ओढा बोल्ट आणि डेकखालची बॅकिंग प्लेट (ओढा पसरवणारी पट्टी) पेलतात. सीलंटनं फक्त पाणी अडवायचं. 5200 हा मुळात पॉलियुरेथेनचा गोंद आहे, कायमचा चिकटवण्यासाठी केलेला. हल (बोटीचा खालचा सांगाडा) आणि डेकचा जोड पुन्हा कधी उघडायचा नसतो, तिथे मीही तोच वापरेन.

पण डेकवरचं सामान उघडावं लागतंच. गेल्या पावसाळ्यात माझी बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली होती आणि आत बंकवर, म्हणजे झोपायच्या बाकावर, पाणी टपकत होतं. माग काढत एका स्टँचनपाशी पोचलो. आधीच्या मालकानं तो 5200 मध्ये बसवलेला. चारही नट काढले तरी तळ जागचा हलेना. हीट गन आणि पातळ पातं घेऊन दोन तास झगडलो. शेवटी तो सुटला, पण तळहाताएवढा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, घेऊनच. भोकात करंगळी घातली तर फायबरच्या दोन थरांमधलं हलकं लाकूड, म्हणजे बाल्सा, चहात बुडालेल्या टोस्टसारखा लिबलिबीत. एका बोल्टवर डेकच्या जाडीएवढ्या भागात तपकिरी खड्डे पडलेले. साचलेल्या पाण्यात हवा मिळाली नाही की स्टेनलेससुद्धा गंजतं. म्हणजे तळ इतका घट्ट चिकटलेला असूनही बोल्टच्या कडेनं पाणी आत जातच होतं.

सगळ्यावर चालतं, हेही खोटं. अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस यांवर पॉलियुरेथेन लावू नये. पॉलिसल्फाइड हे दुसरं सीलंट तर मुळीच नाही, त्यानं हे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. पॉलिसल्फाइडची जागा सागवानी पट्ट्यांत आणि डिझेल भरायच्या झाकणाखाली, कारण इंधनाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खिडकीला गॅस्केटसारखं ठीक. फायबरच्या डेकवर मात्र ते न दिसणारा थर मागे सोडतं आणि त्यावर पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. नुसतं अॅसिटोननं पुसून भागत नाही, घासून काढावं लागतं. शिवाय व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतं, ते धातूला खातं.

मग लावायचं काय? पाण्याच्या पातळीच्या वर, बोल्टनं आवळलेल्या सामानाला ब्यूटाइल टेप, म्हणजे ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी. ती कधी वाळत नाही, चिकट आणि मऊच राहते. फक्त पेट्रोल-डिझेलपासून लांब ठेवा. पण सीलंट निवडण्याइतकंच भोकाचं काम महत्त्वाचं, आणि ते बहुतेक जण टाळतात. भोक आधी मोठं करायचं, कुजका बाल्सा खरवडून आतला भाग पूर्ण सुकू द्यायचा, मग घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरून ते कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. आता पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. वरच्या तोंडाला काउंटरसिंकनं (भोकाचं तोंड तिरकं कापणाऱ्या बिटानं) किंचित उतार द्या. टेपचं एक वेटोळं बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळा. आवळताना ते त्या उतारात दाबलं जाऊन बोल्टभोवती कडं तयार होतं.

आवळताना वरून एकानं बोल्ट धरायचा आणि खालून दुसऱ्यानं फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर ते कडं फाटतं. एका दमात आवळू नका. टेप चारी बाजूंनी बाहेर येऊ लागली की थांबा, दुसऱ्या दिवशी डेक उन्हानं तापलं की पुन्हा थोडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाहेर आलेली टेप आइस्क्रीमच्या काडीनं कापली की जेलकोटला ओरखडा येत नाही.