लघवी कमी दिसली म्हणून सलाईन वाढवावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत सलाईन बेताने द्या, असं सांगणं म्हणजे किडनीशी खेळ आहे आणि लघवी कमी झाली की बाटली वाढवलीच पाहिजे, असा तुमचा आक्षेप आहे.

किडनीची काळजी अगदी रास्त. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिलीफ’ चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे सुमारे 3000 रुग्ण होते. हात आखडून द्रव दिलेल्या गटात 8.6 टक्के रुग्णांच्या किडनीला इजा झाली, सढळ गटात 5 टक्के. म्हणून रुग्णाला कोरडं ठेवू नयेच. शस्त्रक्रिया संपताना दिलेल्या आणि बाहेर गेलेल्या द्रवाचा हिशेब 1 ते 2 लिटर जमेकडे असलेला बरा.

पण एकट्या लघवीवर बाटली ठरवणं मला मान्य नाही. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे अँटिडाययुरेटिक हार्मोन वाढतं आणि शरीर पाणी धरून ठेवतं. रक्ताभिसरण उत्तम असतानाही लघवी तासाला वजनाच्या किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली जाऊ शकते. एपिड्युरलने (वेदना थांबवण्यासाठी पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलीने) रक्तदाब उतरतो तो रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे. तिथे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रेनलिनची थोडी मात्रा लागते. त्याऐवजी लिटरमागून लिटर ओतलं, तर ते ऊतींमध्ये झिरपतं. आतड्याची भिंत सुजते, आतड्याची टोकं जिथे शिवली त्या जोडावर ताण येतो, पोट उशिरा चालू होतं, फुफ्फुसात पाणी साठतं.

शंका असेल तेव्हा 250 मिली रिंगर लॅक्टेट (क्षारांचं प्रमाण रक्ताच्या जवळपास असलेलं सलाईन) 5 ते 10 मिनिटांत द्यावं आणि स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतं ते, पाहावा. तो 10 टक्क्यांनी वाढला, तर गरज होती. वाढला नाही, तर तिथेच थांबावं, लघवी कितीही कमी असो. मॉनिटरवरच्या पल्स प्रेशर व्हेरिएशनवर (व्हेंटिलेटरच्या श्वासागणिक नाडीच्या दाबात होणाऱ्या चढउतारावर) विसंबायचं, तर हृदयाची लय नियमित हवी आणि व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास आदर्श वजनाच्या किलोमागे 8 मिलीच्या आसपास हवा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात गॅस भरला की तोही आकडा फसवतो. नॉर्मल सलाईन लिटरच्या लिटर देऊ नये. त्यात क्लोराइड लिटरमागे 154 मिलिमोल असतं, रक्तात साधारण 100. रक्ताची आम्लता वाढते.

लघवी कमी, नाडी वेगात आणि रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढतंय, असं तिन्ही एकत्र दिसलं, तर मात्र आधी रक्तस्राव शोधा.

एका ठिकाणी तुमचाच नियम लागू पडतो. पोटात सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरचं औषध गरम करून फिरवतात, त्या हायपेक नावाच्या उपचारात हे औषध किडनीला घातक असल्याने द्रव वाढवून लघवी मुद्दाम वाहती ठेवावी लागते.