चौदाव्या वर्षी विशेष शाळा सोडायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘विशेष मुलांच्या पालकांनो, आतातरी डोळे उघडा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर या गटातून त्या गटात फिरत आहे. त्याखाली लेखकाचे नाव नाही. ‘एका अनुभवी डॉक्टरांचे मत’ एवढीच त्याची ओळख. मजकूर थोडक्यात असा: चौदा वर्षांनंतर मेंदूची वाढ थांबते, त्यामुळे त्यापुढे विशेष शाळेवर पैसे घालवणे व्यर्थ आहे, थेरपी हे शहरी फॅड असून घरचे प्रेम पुरेसे असते, व्यावसायिक प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांकडून मेणबत्त्या करून घेऊन संस्था गब्बर होतात, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले की मुलावर कायमचा शिक्का बसतो, अध्ययन अक्षमतेच्या (म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीच्या) सवलती ही श्रीमंतांची पळवाट आहे, आणि सरतेशेवटी उपाय असा, की मुलाला घरच्या दुकानात बसवावे व मुलगी असेल तर तिचे वेळेवर लग्न लावून द्यावे, कारण ‘संसार सगळे शिकवतो’.

असे संदेश मी एरवी वाचते आणि सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या गटात आला. तिच्या मुलीला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. ती पंधरा वर्षांची असून पुण्यातल्या एका विशेष शाळेच्या पूर्वव्यावसायिक, म्हणजे कामधंद्याच्या प्रशिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या, वर्गात जाते. दोन वडीलधाऱ्यांनी संदेशाखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकले आणि त्याच रात्री बहिणीने फोन करून विचारले, ‘ताई, जूनपासून हिला घरीच ठेवू का?’ जी आई इतकी वर्षे नेटाने मुलीला शाळेत नेत-आणत आहे, तिला एका निनावी मजकुराने या प्रश्नापर्यंत आणावे याचा मला संताप आला, आणि तो पुढच्या लिखाणात कोठे डोकावला तर त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

चौदा वर्षांचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. चौदाव्या वर्षी मेंदूची वाढ थांबते हे विधान धादांत खोटे आहे. नियोजन करणे, वाट पाहणे, आवेग आवरणे ही कामे ज्या पुढच्या भागाकडे असतात, त्या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, आणि शिकण्याची क्षमता त्यानंतरही राहते. बौद्धिक अक्षमता असलेले मूल सावकाश शिकते, कमी शिकते, पुन्हापुन्हा करून शिकते. पण ते एका वाढदिवशी शिकायचे थांबते असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. सावकाश शिकणाऱ्या मुलाला अधिक वर्षे द्यावी लागतात, हे सांगायला खरे तर डॉक्टर लागत नाही. संदेशाचे तर्कशास्त्र मात्र नेमके उलटे आहे: जो हळू चालतो त्याची वाट आधी बंद करा.

हा चौदाचा आकडा आला कोठून, याचा माझा अंदाज असा की तो शिक्षण हक्क कायद्यातून उचलला गेला. २००९ चा तो कायदा सहा ते चौदा वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. परंतु दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ ने ही मर्यादा दिव्यांग मुलांसाठी ओलांडली आहे. शिक्षण हक्क कायद्यात काहीही असले तरी, लक्षणीय म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक बालकाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. संसदेने जी चार वर्षे विचारपूर्वक वाढवून दिली, नेमकी तीच हा संदेश पालकांना सोडून द्यायला सांगत आहे. खासगी केंद्रे भरमसाट शुल्क घेतात ही तक्रार रास्त आहे. पण तिचे उत्तर अनुदानित शाळेत जागा मागणे हे आहे, मुलीला घरी बसवणे हे नव्हे.

आणि या चार वर्षांत शाळेत होते तरी काय? संदेशाच्या लेखकाने असा वर्ग कधी पाहिलेला दिसत नाही. पूर्वव्यावसायिक वर्गात अक्षरे-अंक चालूच राहतात, पण ते आता कामाला जुंपले जातात: बसची पाटी ओळखणे, घड्याळ पाहून डबा उघडणे, पिशवीवरचा भाव वाचणे. पन्नासची नोट घेऊन दुकानातून दूध आणणे ही आपल्याला एक कृती वाटते. विशेष शिक्षिका तिच्या पायऱ्या पाडते. नोट ओळखणे, रस्ता ओलांडणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हवे ते सांगणे, उरलेले पैसे मिळेपर्यंत तेथून न हलणे, या प्रत्येक पायरीचा स्वतंत्र सराव होतो आणि कोणत्या पायरीला किती मदत लागली याची नोंद ठेवली जाते. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात. कागदी पिशवी करताना सगळ्या घड्या शिक्षिका घालते आणि शेवटची तेवढी मुलीने घालायची. पिशवी आपल्या हातून पूर्ण झाली हे तिला पहिल्याच दिवशी कळते, मग तिच्याकडे शेवटच्या दोन घड्या येतात, मग तीन. यात महिने जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ते ‘नुसते बसवून ठेवणे’ वाटते, कारण महिनाभरात एकच घडी वाढलेली असते.

पौगंडावस्थेतल्या शाळेचे आणखी एक काम आहे, ज्याविषयी आपल्या घरांत कोणी मोठ्याने बोलत नाही. मासिक पाळीत स्वतःची स्वच्छता कशी राखावी, कपडे कोठे बदलावेत व कोठे बदलू नयेत, कोणाचा स्पर्श चालतो व कोणाचा चालत नाही, नको असेल तेव्हा ‘नाही’ कसे म्हणावे आणि म्हणूनही कोणी ऐकले नाही तर कोणाला सांगावे, हे चित्रांनी, बाहुल्यांनी, पुन्हापुन्हा शिकवावे लागते, आणि ते शिकवण्याचे वय बारा ते अठरा हेच असते. ‘घरी मुलगी सुरक्षित राहते’ असे संदेशात एक वाक्य आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सातत्याने दाखवतात. मुलाच्या शारीरिक वा मानसिक अक्षमतेचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक हल्ला २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याने गंभीर प्रकारात घातला आहे, तो काही उगाच नाही. जिला ‘नाही’ म्हणायला शिकवलेले नाही आणि जिच्याकडे दिवसभर घराबाहेरच्या एकाही जाणत्या माणसाचे लक्ष नाही, ती मुलगी चार भिंतींत सुरक्षित असते, हे मानायला मी तयार नाही.

थेरपीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करत नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बोटांची पकड सुधारते म्हणून पुढे कार्यशाळेतले काम जमते. वाचोपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) शब्द किंवा चित्रांची पाटी देते म्हणून दुकानदाराला दूध मागता येते. समुपदेशक मुलीचा आरडाओरडा कशामुळे सुरू होतो हे शोधतो म्हणून तिला वर्गात बसवता येते. चांगल्या शाळेत ही कामे वर्गापासून तुटलेली नसतात. मुलीच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात त्यांची उद्दिष्टे एकत्र लिहिलेली असतात. घरचे प्रेम हवेच, पण प्रेमाने बोटांची पकड सुधारत नाही. पालकांनी एक मात्र जरूर तपासावे: विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का. ज्या केंद्रांत ती विचारल्यावर उत्तर टाळले जाते, त्यांच्याबाबत संदेशातला संशय मला मान्य आहे.

मेणबत्त्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. दिवाळीआधी अनेक कार्यशाळांमध्ये त्याच पणत्या, तेच उटणे, तीच भेटकार्डे होतात, ओळखीपाळखीची माणसे सहानुभूतीने ती घेतात, आणि पाडव्यानंतर पुढचे काम काय हे कोणालाच नीट सांगता येत नाही. मुलांच्या हाती पडणारे विद्यावेतनही बहुधा नाममात्र असते. परंतु संस्था त्यातून गब्बर होतात, हा निष्कर्ष हिशेब न पाहता काढलेला आहे. कच्चा माल, शिक्षकांचा वेळ आणि वाया गेलेले नग धरले तर पणत्यांत नफा तो काय राहणार? खरा दोष वेगळा आहे. कायदा प्रशिक्षणापाशी थांबत नाही. त्याच २०१६ च्या अधिनियमाचे कलम १९ बौद्धिक व बहुविध अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्यांसाठी बाजारपेठेशी प्रत्यक्ष जोडलेले खास कौशल्य प्रशिक्षण सरकारने द्यावे असे सांगते. तेव्हा पालकांनी शाळेला विचारायचे ते हे, की गावात कोणते काम आहे आणि त्यातले माझ्या मुलीला काय जमेल: बेकरीत खोकी भरणे, किराणा दुकानात पुड्या बांधणे, लाँड्रीत घड्या घालणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे. मेणबत्ती नको म्हणून शाळाच नको, हे त्याचे उत्तर होत नाही.

या ओघात घरच्या दुकानाचाही मुद्दा निकालात निघतो. घरचे दुकान असेल तर ती उत्तम जागा आहे, पण तेथे ‘बसवायचे’ की काम द्यायचे? गल्ल्याशेजारच्या स्टुलावर दिवसभर बसून राहणे याला काम म्हणत नाहीत. दुकानातले एक काम निवडून त्याच्या पायऱ्या शिक्षिकेकडून पाडून घ्याव्यात. त्यासाठीही मूल शाळेत असावे लागते.

शिक्क्याविषयी. प्रमाणपत्र कपाळावर लावायचे नसते, ते कपाटात ठेवायचे असते आणि लागेल तेव्हा काढायचे असते. ते नसेल तर वर सांगितलेल्या कलम ३१ चा आधार घेता येत नाही, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेतला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळत नाही (ज्यात थेरपीचा खर्चही येतो, हे ‘फॅड’ म्हणणाऱ्यांनी पाहावे), आणि जुन्या कररचनेतील पालकांना आयकरात ७५,००० रुपयांची वजावट घेता येत नाही. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता या गटासाठी आहे. तेही या कागदाशिवाय नाही. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर ‘कायमचा शिक्का’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे: केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षानंतर दिलेले प्रमाणपत्र चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावे लागते.

श्रीमंतांची पळवाट म्हणून ज्यांची हेटाळणी केली आहे, त्या सवलती म्हणजे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. त्या २०१६ च्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्यांची माहिती शहरातल्या इंग्रजी शाळांच्या पालकांना आधी लागते, हे खरे. मग ती तालुक्याच्या शाळांत पोहोचवावी. ज्या मुलांना नेहमीची दहावी झेपत नाही, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून पाच वर्षांत नऊ संधी घेऊन, पाच विषयांत, गणित न घेताही दहावी करता येते. चित्रकला किंवा गृहविज्ञान हे तेथे पूर्ण विषय आहेत. ही पळवाट नाही, सरकारने काढलेली अधिकृत वाट आहे.

उरला लग्नाचा ‘उपाय’. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसाठी तो सुचवणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखालच्या गुन्ह्याचा सल्ला आहे, एवढे तरी पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अठरा पूर्ण झाल्यावरही प्रश्न सुटत नाही, कारण हिंदू विवाह कायद्याचे कलम ५ वैध संमती देण्याची क्षमता ही विवाहाची अट मानते, आणि ती नसताना, किंवा सासरपासून हकीकत लपवून, लावलेले लग्न पुढे न्यायालयात रद्द होऊ शकते. ज्यांना संसाराचा अर्थ कळतो आणि तो हवा आहे, अशा दिव्यांग तरुण-तरुणींची लग्ने व्हावीत. त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण येथे मुलीला काय कळते, हे विचारलेलेच नाही. तिची जबाबदारी दुसऱ्या घरावर ढकलण्याला शहाणपणाचे नाव दिले आहे.

अठराव्या वर्षासाठी खरोखर करायची कामे वेगळी आहेत आणि ती सतराव्या वर्षीच हाती घ्यावी लागतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविध अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याच्या अधिकाराचा, अर्ज करता येतो. तो जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो, जिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. त्याच्याच जोडीने प्रौढांच्या कार्यशाळेत नाव नोंदवावे, कारण तेथील जागा थोड्या असतात आणि कलम ३१ चा मोफत शिक्षणाचा हक्क त्या वाढदिवशी संपतो. शाळा अठरापर्यंतच का आणि पुढे काय, हा प्रश्न विचारणारा संदेश कोणी लिहिला तर तो मी स्वतः सगळ्या गटांत टाकीन.