काचबिंदूचं दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं फसलं?

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सोसायटीत आला, सासूबाईंच्या भजनी मंडळात आला, पिंपळगावच्या मावशीने तर मला मुद्दाम पाठवला, कारण माझ्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं दुसरं ऑपरेशन ठरलंय. मजकूर थोडक्यात असा: पुन्हा ऑपरेशन सांगितलं म्हणजे पहिलं फसलं, आता नुसते पैसे उकळायचेत, दुसऱ्यांदा डोळ्याला हात लावला की नजर जातेच, त्यापेक्षा थेंब बंद करून त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा.

आधी 'पहिलं फसलं' बघू. मोतीबिंदूत लेन्स बदलली की बहुतेकांचा विषय संपतो, आणि लोक काचबिंदूलाही तोच हिशेब लावतात. पण काचबिंदूत बहुधा डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, आतला दाब, म्हणजे प्रेशर, चढतो आणि नजरेची नस हळूहळू मरते. त्यावरचं नेहमीचं ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायला वरच्या पापणीखाली काढलेली नवी वाट. शरीराच्या लेखी मात्र ती जखमच, आणि जखम भरून काढणं हे त्याचं काम. कान टोचून काडी घातली नाही तर भोक बुजतं ना, तसंच. व्रण कमी धरावा म्हणून ऑपरेशनमध्येच मायटोमायसिन नावाचं औषध लावतात, तरी कोणाची वाट काही महिन्यांत बुजते, कोणाची वर्षानुवर्षं चालते. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या २१२ रुग्णांवर परदेशात एक अभ्यास झाला होता. त्यात पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टॉमी सुमारे ४७ टक्के जणांत अपयशी ठरली, तर पाणी निचरायला डोळ्यात बारीक ट्यूब बसवलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत. एवढ्या सगळ्यांचे सर्जन अडाणी होते असं म्हणायचं का?

'नजर जातेच' हे खोटं, पण भीती खोटी नाही. प्रेशर नको इतकं उतरतं, रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो. ट्यूबमुळे कधी बुबुळावरचा पारदर्शक पडदा धूसर होतो, कधी एकाचे दोन दिसतात. आजार फार पुढे गेला असेल तर उरलेली नजरही क्वचित जाते. पण ऑपरेशन टाळलं आणि प्रेशर चढंच राहिलं, तर नस न दुखता मरत राहते. अंधाऱ्या खोलीत ठिपका दिसला की बटण दाबायची ती तपासणी असते ना, तिच्या कागदावर माझा नाकाकडचा काळा डाग दरवेळी थोडा पसरलेला असतो. द्वारका चौकात त्या बाजूची रिक्षा मला अंगावर आल्यावरच दिसते. गेलेली नजर कुठलंही ऑपरेशन परत आणत नाही, उरलेली राखायची असते. म्हणून 'आता स्वच्छ दिसतं का?' असं पाहुण्यांनी कृपया विचारू नये.

पैशांचा संशय मात्र मी उडवून लावणार नाही. तो आला तर दुसऱ्या काचबिंदूतज्ज्ञाकडे जुन्या सगळ्या फायली घेऊन जा. प्रेशर किती हवं, डाग खरंच वाढलाय का, सुईने जुना व्रण मोकळा करून किंवा लेझरने भागेल का, हे विचारा. मदुराईच्या ऑरोलॅबची ट्यूब २०१३ पासून मिळते आणि ती आयात ट्यूबपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, तिचीही चौकशी करा.

राहिला त्रिफळा. इथे माझा संयम सुटतो. थेंब मनानेच सोडले की प्रेशर पुन्हा चढतं, आणि कळत काहीच नाही. शिवाय ऑपरेशन झालेल्या डोळ्यात त्या नव्या वाटेवर फक्त पातळ पडदा असतो. घरगुती काढ्यातले जंतू तिथून आत शिरले तर आहे तीही नजर जाऊ शकते. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर बुडी मारायचा बेत असलेल्यांनीही हे आधी डॉक्टरांना विचारावं. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नयेत, त्यात स्टेरॉइड असलं तर प्रेशर आणखी वाढतं. लाली, दुखणं, चिकट पाणी, अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रविवार असला तरी.