आधी रंग बघा, मग चित्र

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊन आलेले लोक तिथल्या शँकिल रोडवरच्या, लॉयलिस्ट म्हणजे ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनांच्या बुरखाधारी बंदूकवाल्यांच्या भित्तिचित्रांचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'जिवंत इतिहास'. मला हे पटत नाही. बेलफास्टच्या पावसात भिंतीवरचा रंग आपोआप टिकत नाही. चित्र टवटवीत दिसत असेल, तर कुणीतरी ते राखतंय. मग ती भूतकाळाची खूण कशी? आज त्या गल्लीत कुणाचं चालतं, हे ती सांगते.

हे काम कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. भिंत असते चाळीसारख्या जोडघरांच्या रांगेतल्या शेवटच्या घराची, दोन मजली उंच, बहुधा बिनखिडकीची. आधी तारेच्या ब्रशने जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडायचे, भुगा धरून ठेवणारं प्रायमर लावायचं आणि मग बाहेरच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. ते वाळले की खडूने चौकटी आखून किंवा रात्री प्रोजेक्टर लावून रेखाटन उतरवायचं. मोठे सपाट रंग आधी, काळी बाह्यरेषा शेवटी. वीट ओली असताना रंग मारला की आतली ओल बाहेर पडताना फोड येतात आणि पुढच्या हिवाळ्यात पोपडे सुटतात. लाल रंग उन्हाने लवकर विटतो आणि नेमका तोच इथे सगळीकडे लागतो: अल्स्टर प्रांताचं चिन्ह असलेला लाल हात, ब्रिटिश झेंडा, यूएफएफ या लॉयलिस्ट सशस्त्र संघटनेची लाल मूठ. म्हणून डागडुजी सुटत नाही. बरीच रंगरंगोटी प्रोटेस्टंटांच्या १२ जुलैच्या मिरवणुकांआधी उरकली जाते.

या सगळ्यासाठी परांची बांधावी लागते आणि ती भर रस्त्यात दिवसेंदिवस उभी राहते. एखादी घोषणा रात्रीतून खरडता येते, दोन मजली बंदूकवाला नाही. तो दिवसाढवळ्या रंगवला जातो, सगळी गल्ली बघते आणि कुणी अडवत नाही. त्या चित्राचा खरा मजकूर हाच आहे.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी सनावळी तपासावी. लॉयलिस्ट भित्तिचित्रांची सुरुवात साधारण १९०८ पासून मानतात. तेव्हा विषय होता पांढऱ्या घोड्यावरचा प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम आणि कॅथलिक राजा जेम्सला त्याने हरवलं ती १६९० ची बॉइनची लढाई. पुढे पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या सोमच्या लढाईत पडलेले ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनचे सैनिक आले. बुरखे आणि रायफली भिंतींवर पसरल्या त्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांमधल्या १९८५ च्या अँग्लो-आयरिश करारानंतर. यूव्हीएफ आणि यूडीए (यूएफएफ हे तिचंच दुसरं नाव) या लॉयलिस्ट सशस्त्र संघटनांनी आपापली हद्द दाखवायला त्या रंगवल्या. त्यांच्या १९९४ च्या शस्त्रसंधीनंतरही ते थांबलं नाही. सोमच्या सैनिकाशेजारी यूव्हीएफचा बंदूकवाला रंगवून दोघांना एकाच रांगेत बसवणं ही या चित्रांमधली सर्वांत मोठी लबाडी आहे. तो सैनिक खंदकात लढला. हे लोक निःशस्त्र कॅथलिक माणसांना त्यांच्या दारात गोळ्या घालत होते.

चित्रं बदलायचे प्रयत्न झाले आहेत. २००६ साली उत्तर आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने त्यासाठी मोठा कार्यक्रम सुरू केला. बेलफास्टमधल्याच सँडी रो या रस्त्याच्या तोंडाशी असलेला यूएफएफचा बंदूकवाला २०१२ मध्ये गेला आणि तिथे राजा विल्यम आला. हे चांगलंच झालं. पण पुढच्याच वर्षी ईस्ट बेलफास्टमधल्या सिडनहॅममध्ये फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टच्या चित्राच्या जागी यूव्हीएफचे बंदूकवाले आले. बेस्ट ईस्ट बेलफास्टचाच पोरगा, तरी त्याला ती भिंत राखता आली नाही. भिंतीवरचा ताबा सुटत नाही तोवर नुसतं चित्र बदलून भागत नाही, कारण परवानगी त्याच माणसांकडे मागावी लागते आणि तेवढ्याने त्यांचं वजन वाढतं.

आता पुष्कळ ठिकाणी रंगाऐवजी छापील पत्रे स्क्रूने ठोकतात. परांची थोडाच वेळ लागते, ओलीची भीती नाही, फाटला-विटला तर दुसरा छापायचा. काढायलाही सोपं. म्हणजे तो पत्रा वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर अडचण कामाची नाही, भीतीची आहे.

आणि त्या भिंतीमागे कुणीतरी राहतं, हे फोटोत येत नाही. यातली बरीच घरं सरकारी गृहनिर्माण संस्थेची आहेत, आत भाडेकरू आहेत. 'वस्तीचा पाठिंबा असेल तर काढू' हे धोरण ऐकायला लोकशाहीचं वाटतं. पण ज्याच्या बिछान्यामागच्या भिंतीवर बंदूकवाला उभा आहे, तो भाडेकरू वस्तीच्या बैठकीत हात वर करून 'काढा' म्हणेल का? ती जबाबदारी त्याच्यावर टाकूच नये. भिंत ज्या संस्थेची, तिनेच स्वतःच्या नावाने परांची बांधावी, पोलिसांचं संरक्षण घ्यावं आणि भिंत कोरी करावी.