टोचणाऱ्या हाताला औषध शिकवा

१८ सप्टेंबर २०२५ला महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी संप केला. कारण, सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची, ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यक परिषदेकडे होऊ घातलेली नोंदणी. घरच्या ग्रुपवर दोन्ही बाजू खेड्यातल्या पेशंटची शपथ घेऊन भांडत होत्या. खेड्यात मध्यरात्री दार वाजलं की जी उठते, त्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा उल्लेख एकाही मेसेजात नव्हता.

मी मध्य ऑस्ट्रेलियात नर्स आहे, ॲलिस स्प्रिंग्जपासून चारशे किलोमीटरवर. डॉक्टर बहुतेक वेळा फोनवरच भेटतो. आमच्याकडे बऱ्याच आदिवासी मुलांना रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून दर २८ दिवसांनी, काहींना २१ दिवसांनी, बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. वजन वीस किलोच्या आत असेल तर अर्धा डोस. फ्रिजमधली सिरिंज तळहातात धरून कोमट करायची आणि अगदी सावकाश टोचायची. फार दुखतं ते. मूल एकदा कळवळलं की पुढच्या खेपेला येत नाही. हे सगळं हातातल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, आणि त्यामागचं 'का' दुर्गम भागातल्या नर्सेससाठी असलेल्या औषधशास्त्राच्या कोर्समध्ये शिकवलं जातं. त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला इथे नवं मानक लागू झालं: जादा शिक्षण घेतलेल्या नर्सला डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या (स्वतः औषध लिहून देऊ शकणाऱ्या वरच्या दर्जाच्या नर्सच्या) भागीदारीत औषध लिहून देण्याची वाट खुली झाली.

माझी पहिली नोकरी आपल्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात. झटके येणारी गरोदर बाई आली. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचे दहा ॲम्प्युल फोडले, पाच ग्रॅम एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्या. मोठ्या सिस्टरनी "दे" म्हटलं, मी दिलं. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास आणि लघवी नीट आहे का, हे तपासायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाई वाचली. पण ती रात्र अजून माझ्या अंगावर येते.

सिस्टरला असं औषध शिकवणं आपल्याकडे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचायला शिकवलं. नवजात बाळांची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार घरीच होऊ लागल्यावर नवजात बाळांच्या मृत्यूंत झालेली ६२ टक्के घट १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तेही आपल्याच मातीतलं.

होमिओपॅथांच्या नोंदणीचा वाद कोर्टात गेलाय, त्यांचं काय ते न्यायालय ठरवेल. पण सिस्टरच्या हातात ही औषधं आजच आहेत. त्यासाठी कोर्टाचा निकाल लागत नाही, एक नीट कोर्स लागतो, दर काही वर्षांनी उजळणीचा.

माझी मावसबहीण डोंगरातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "ताई, ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट कशाला ठेवायला लावतात गं?" मॅग्नेशियम जास्त झालं आणि श्वास मंदावला, तर त्यावरचा तोच उतारा, असं मी सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "थांब, एक्सपायरी बघून येते."